ध्रुव धुरकटात असला तरी चालतं: रुंद लेन्स, ट्रॅकर आणि मराठवाड्यातलं आकाश

प्रश्न थोडक्यात असा: आंबेजोगाईजवळच्या माळावरून आकाशगंगेचे फोटो काढतो. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी, लेन्स सोबत आलेली १८-५५. ५०० चा नियम लावून (५०० ला फोकल लेंग्थ आणि क्रॉप फॅक्टर, म्हणजे लहान सेन्सरसाठीचा दीडचा गुणक, यांच्या गुणाकाराने भागून) १८ सेकंद दिले तरी तारे लांबट येतात, आयएसओ वाढवला की फोटो रवाळ होतो. पैसे १४ मिमी एफ/२.८ लेन्सवर घालावेत की ट्रॅकरवर, म्हणजे ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षाभोवती कॅमेरा ताऱ्यांच्या वेगाने फिरवणाऱ्या यंत्रावर? आणि ध्रुवतारा आपल्याकडे इतका खाली, त्यात धुरकट. तो धड दिसतच नसेल तर ट्रॅकरचा उपयोग काय?

उत्तर: आधी ट्रॅकर, लेन्स मागाहून. ध्रुवाचं म्हणाल तर रुंद लेन्स लावून ट्रॅकर वापरणाऱ्याने त्याची जेवढी धास्ती घेतली जाते तेवढी घेऊ नये. हे दोन्ही आकड्यांनी पटवतो.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते तिच्यामुळे तारे सेकंदाला साधारण १५ विकला सरकतात (एका अंशात ३६०० विकला). तुमच्या सेन्सरचा एक पिक्सेल सुमारे ३.९ मायक्रॉनचा. १८ मिमीला असा एक पिक्सेल आकाशातल्या जवळजवळ ४५ विकला झाकतो. म्हणजे १८ सेकंदांत खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा २७० विकला, अर्थात सहा पिक्सेल सरकला. ठिपक्याचा शेंगदाणा झाला तो असा. ५०० चा नियम फिल्मच्या जमान्यातला, पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटला पुरणारा. आजच्या बारीक पिक्सेलला वेगळं सूत्र धरा: ३५ गुणिले एफ-क्रमांक, अधिक ३० गुणिले पिक्सेल मायक्रॉनमध्ये, आणि या बेरजेला फोकल लेंग्थने भागा. इथे क्रॉप फॅक्टर लावायचा नाही, पिक्सेलच्या आकारात तो आलाच. तुमच्या १८ मिमी एफ/३.५ ला उत्तर येतं १३ सेकंद. फोटो शंभर टक्के मोठा करून बघितला तर तेवढ्यातही थोडी लांबी दिसते, पण छापायला चालतं.

आता तुलना. १४ मिमी एफ/२.८ ला हेच सूत्र १५ सेकंद देतं. म्हणजे नव्या लेन्सने वेळ वाढला जेमतेम १.१५ पट आणि छिद्र उघडलं दीडपट. दोन्ही मिळून प्रकाश सुमारे १.८ पट. याउलट आहे तीच किट लेन्स ट्रॅकरवर ठेवा, कोपरे सुधारावेत म्हणून एफ/४.५ पर्यंत बंद करा आणि १२० सेकंद द्या. छिद्र लहान करूनही प्रकाश साडेपाच पट. शिवाय आयएसओ ३२०० वरून ८०० वर येतो आणि ताऱ्यांचे रंग जळत नाहीत. रवाळपणावरचा इलाज लेन्सच्या दुकानात नाही, एवढं या हिशेबातून कळावं.

ध्रुवाचा हिशेब त्याहून सोपा. ट्रॅकरचा अक्ष खऱ्या खगोलीय ध्रुवापासून जितका चुकला, तितका तारा हळूहळू घसरतो. एक अंश चूक झाली तर घसरण सेकंदाला जास्तीत जास्त ०.२६ विकला. दोन मिनिटांत ३१ विकला. तुमच्या १८ मिमीला एक पिक्सेलच ४५ विकलांचा, म्हणजे पाऊण पिक्सेलसुद्धा नाही! हीच एक अंशाची चूक १३५ मिमी लेन्सला पाच पिक्सेलांची रेघ काढते. ध्रुव जुळवण्यात अर्धा तास घालवा असं सांगणारे व्हिडिओ टेलिफोटोवाल्यांसाठी असतात. ध्रुवतारा स्वतःच खऱ्या ध्रुवापासून सुमारे ०.६ अंश बाजूला आहे. तो पोलरस्कोपच्या (ट्रॅकरमधल्या ध्रुव जुळवायच्या छोट्या दुर्बिणीच्या) वर्तुळावर नेमक्या घड्याळी जागी बसवण्याऐवजी सरळ मधोमध आणून ठेवला, तरी १८ मिमीला दोन मिनिटांची चूक अर्ध्या पिक्सेलच्या आत राहते. मधोमध ठेवा आणि कामाला लागा.

मराठवाड्यात ध्रुव किती उंचीवर असतो? जितका अक्षांश तितके अंश. निलंग्याला १८, आंबेजोगाईला पावणेएकोणीस, नांदेडला १९, छत्रपती संभाजीनगरला जवळपास २०. हात पूर्ण लांब करून अंगठा आणि करंगळी ताणली की जी वीत होते, ती साधारण वीस अंशांची. क्षितिजावर तेवढी वीत ठेवा आणि वरच्या टोकाशी बघा. मार्च ते मे सप्तर्षी वर असतात, तेव्हा पुलह आणि क्रतूची रेघ पुढे पाचपट नेली की ध्रुव. ऑक्टोबरच्या संध्याकाळी सप्तर्षी खाली गेलेले असतात, मग ईशान्येला उगवणारी शर्मिष्ठा धरा.

आणि दिसलाच नाही तर? उसाचं पाचट पेटवलेलं असतं, पऱ्हाट्या जळत असतात, उत्तरेला एखाद्या कारखान्याचा उजेड असतो. अठरा अंशांवरचा मध्यम तेजाचा तारा अशा थरात सहज बुडतो. तेव्हा मोबाइलवरचा कोनमापक ट्रॅकरच्या पाठीवर ठेवून उंची अक्षांशाइतकी करा आणि दिशा होकायंत्राने लावा. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाच्या आतच फरक आहे, त्यामुळे दुरुस्तीची गरज नाही. मात्र एक मेख आहे. आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे, त्यात मॅग्नेटाइट असतं, आणि उघड्या कातळाला टेकवलेलं होकायंत्र काही अंश सहज खोटं बोलतं. मोबाइल दगडापासून, ट्रायपॉडपासून, गाडीपासून आणि ट्रॅकरच्या मोटारीपासून चार पावलं लांब, छातीच्या उंचीवर धरून दिशा घ्या, क्षितिजावर एखादी खूण पकडा आणि मग ट्रॅकर त्या खुणेकडे वळवा. यातही पाच अंश चुकलात तर १८ मिमीला एका मिनिटात पावणेदोन पिक्सेल घसरण होईल. म्हणजे ध्रुव मुळीच न दिसता एक-एक मिनिटाच्या फ्रेम निघतात. त्यासाठी रात्र वाया घालवू नका.

विकत घेण्याआधी हात बसवायचा असेल, तर दोन फळ्या आणि बिजागरीचा ट्रॅकर घरी होतो. एक मिमी आट्याचा एम६ बोल्ट घ्या. बाजारात मिळणाऱ्या साध्या एम६ ला हाच आटा असतो. बिजागरीच्या खिळ्याच्या मध्यापासून बोल्टच्या मध्यापर्यंतचं अंतर २२८.५ मिमी ठेवा. मग बोल्ट मिनिटाला बरोबर एक फेरा फिरवला की वरची फळी ताऱ्यांच्या वेगाने उघडते. घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत दर १५ सेकंदांना पाव फेरा दिला तरी रुंद लेन्सला पुरतं. त्या १५ सेकंदांत तारा पाच पिक्सेल सरकून परत येतो, तेही नको असेल, तर दर ५ सेकंदांना तीस अंश फिरवा. उत्तरेकडे तोंड करून उभं राहिल्यावर बिजागरी डाव्या हाताला, बोल्ट उजव्या हाताला, आणि बिजागरीचा खिळा ध्रुवाकडे रोखलेला. उलटं लावलंत तर तारे दुप्पट लांब येतील. सरळ बोल्टमुळे कोनात येणारी चूक पहिल्या दहा मिनिटांत सहा विकलांच्या आत असते, तिची चिंता नको. वीस मिनिटांनी फळी मिटवून पुन्हा सुरुवात करा.

विकतचा ट्रॅकर घेताना वजन पेलण्याचा जो आकडा दिला असेल त्याच्या निम्म्यावर थांबा. स्काय-वॉचरचा स्टार अ‍ॅडव्हेंचरर २आय ५ किलोचा आहे, त्यावर एपीएस-सी आणि रुंद लेन्स म्हणजे किरकोळ ओझं. खिशात मावणारे छोटे ट्रॅकरही १४-२४ मिमीला चालतात. वेज (ट्रॅकर अक्षांशाइतका कलता धरणारी बैठक) मात्र घ्याच, आणि तो अठरा अंशांपर्यंत खाली येतो का हे तपासून घ्या. आपल्याकडे ट्रॅकर जवळजवळ आडवा पडतो, त्यामुळे कॅमेऱ्याचं वजन ट्रायपॉडच्या मध्यापासून उत्तरेला लोंबतं. ट्रायपॉडचा एक पाय नेमका उत्तरेकडे ठेवला की तोल सावरतो आणि पोलरस्कोपखाली डोकं घालायला दोन पायांमध्ये जागाही मिळते.

जमीन ही आपल्याकडची खरी अडचण. काळ्या रानात ऑक्टोबरात ओल असते. अर्ध्या तासात पाय काही मिलिमीटर रुततात आणि तेवढ्यात सगळी जुळवणी गेली. उन्हाळ्यात त्याच रानाला भेगा, ढेकूळ पायाखाली फुटतं. मुरमाड माळ निवडा. रानातच उभं राहायचं असेल तर तिन्ही पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे दाबून बसवा. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका. वाऱ्यासाठी पिशवी अडकवता ती अधांतरी झुलती ठेवू नका, तिचं बूड जमिनीला टेकलेलं हवं. झुलणारी पिशवी वाऱ्यापेक्षा जास्त हलवते.

चुका कशा ओळखायच्या: दोन मिनिटांची एक चाचणी फ्रेम घ्या आणि मधला भाग व चारही कोपरे मोठे करून बघा. सगळेच तारे पूर्व-पश्चिम लांब, तेही ट्रॅकर बंद असताना येतात त्याच्या दुप्पट, तर उत्तर-दक्षिण गोलार्धाचं बटण दक्षिणेवर आहे. हे फार वेळा होतं, कारण अंधारात पिशवीतून काढताना बटण सरकतं. प्रत्येक ताऱ्याचे दोन ठिपके किंवा आकडीसारखी शेपटी, तर बॉलहेड (कॅमेरा हवा तसा वळवून घट्ट करायचा गोळ्याचा सांधा) घसरला किंवा शटर दाबताना धक्का लागला. पहिली फ्रेम लांबट आणि पुढच्या नीट, तर दातेरी चाकांमधली सैल जागा भरली नव्हती. ट्रॅकर सुरू केल्यावर मिनिटभर थांबून मग शटर दाबा, आणि कॅमेऱ्याचा भार किंचित पूर्वेकडे ठेवा म्हणजे मोटार सतत ओझं उचलत राहते. मधले तारे गोल, कोपऱ्यातल्यांना पक्ष्यासारखे पंख, तर तो लेन्सचा कोमा आहे, ट्रॅकरला बोल लावू नका. छिद्र एक पायरी बंद करा. एकाच बाजूचे कोपरे बिघडलेले असतील तर लेन्सचं भिंग तिरकं बसलंय. हमीची मुदत असेल तर अशी लेन्स परत द्या.

फोकससाठी लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका. ऑटोफोकस बंद, लेन्सचं आणि बॉडीचं स्थिरीकरण दोन्ही बंद (चालू राहिलं तर ते स्वतःच चित्र हलवतं), लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा, आणि चित्रा, स्वाती, ज्येष्ठा असा ठळक तारा घेऊन तो सर्वांत लहान दिसेपर्यंत कडं फिरवा. रुंद लेन्सचं फोकसचं प्रतल सपाट नसतं. तारा अगदी मधोमध ठेवून फोकस केला तर कोपरे सुटतात. मध्यापासून कोपऱ्याकडे एक-तृतीयांश अंतरावर तारा ठेवून फोकस करा, दोन्हीकडे सौदा जमतो. मग कड्यावर चिकटपट्टी. मे महिन्यात दिवसभर डिकीत तापलेली लेन्स रात्री थंड होताना फोकस सरकतो, म्हणून लेन्स तासभर आधी बाहेर काढून ठेवा आणि पुढेही तासाने एकदा बघा. किट लेन्सला झूमचं कडंही चिकटवा, ते स्वतःच्या वजनाने फिरतं.

बाकी सेटिंग झटपट: रॉ, व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनच्या आसपास, एफ/४.५, १२० सेकंद, आयएसओ ८००, लांब एक्स्पोजरचं नॉइज रिडक्शन बंद. हिस्टोग्रामचं शिखर डावीकडून पाव ते एक-तृतीयांशात यावं. अर्ध्यावर गेलं तर आकाश उजळ आहे, वेळ कमी करा. दहा फ्रेम घ्या. स्टॅक केल्यावर, म्हणजे सगळ्या फ्रेम एकावर एक जुळवून सरासरी काढल्यावर, रव सव्वातीन पटीने उतरतो. चाळीस फ्रेमनी तो सव्वासहा पटीने उतरतो, पण रुंद चित्राला एवढ्याची गरज क्वचित.

आता जमीन. रुंद लेन्स म्हटली की चौकटीत डोंगर, बुरूज, आखाडा काहीतरी येतंच, आणि ट्रॅकर चालू असताना ते पुसट होतं. दोन मिनिटांत अर्धा अंश, तुमच्या लेन्सला चाळीस पिक्सेल. दहा फ्रेमच्या वीस मिनिटांत तर पाच अंश, चारशे पिक्सेल. म्हणून जमिनीची फ्रेम ट्रॅकर थांबवून वेगळी घ्यायची, हे सगळे सांगतात. कधी घ्यायची हे फारसं कोणी सांगत नाही. उगवतीकडे कॅमेरा असेल तर तो ताऱ्यांमागे वर चढत जातो आणि जमीन चौकटीत खाली खाली जाते. सर्वांत जास्त जमीन पहिल्या क्षणी असते. तिथे जमिनीची फ्रेम आधी घ्या, मग ट्रॅकर सुरू करा. मावळतीकडे उलट: जमीन चौकटीत वर येत जाते, म्हणून आकाश आधी आणि ट्रॅकर थांबवून जमीन शेवटी. असं केलं की जमिनीची स्वच्छ फ्रेम पुसट पट्टा जवळजवळ पूर्ण झाकते आणि जोडकामात आकाश ओढून-ताणून भरावं लागत नाही. कॅमेरा मात्र मधल्या काळात बॉलहेडवर हलवायचा नाही. जमिनीला आयएसओ १६०० आणि तीन-चार मिनिटं द्या. क्षितिजावर उघडा माळ किंवा डोंगराची रेघ असेल तर मास्क (आकाश आणि जमीन वेगळी करणारी निवड) पाच मिनिटांत होतो. बाभूळ किंवा लिंब आकाशात घुसला असेल तर प्रत्येक फांदी छळते. सुरुवातीला झाडं टाळा.

स्टॅकिंगला विंडोजवर सिक्वेटर सोपा, सिरिल मोफत आणि जास्त ताकदीचा. सिक्वेटरमधला जमीन गोठवण्याचा पर्याय ट्रॅकरच्या फ्रेमना लावू नका, तो स्थिर ट्रायपॉडसाठी आहे. विमानं आणि उपग्रहांच्या रेघा सिग्मा क्लिपिंगने (बाकी फ्रेमशी न जुळणारे पिक्सेल वगळून) जातात, त्यासाठी निदान आठ-दहा फ्रेम हव्यात. प्रकाश-प्रदूषणाचा फिल्टर घेऊ नका. एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो, तो गाळला जात नाही. आणि रुंद लेन्सच्या कडेला किरण तिरके शिरत असल्याने अशा फिल्टरने चित्राच्या कडांचा रंगच बदलतो.

कधी जायचं याला भिंतीवरची दिनदर्शिका पुरे, पण तिथी नीट वाचा. आकाशगंगेचा गाभा, म्हणजे वृश्चिकाची शेपटी आणि धनू यांच्यामधला भाग, आपल्याकडे जास्तीत जास्त ४२ अंश चढतो. युरोपात पन्नास अक्षांशावर तो जेमतेम ११ अंश येतो. याबाबतीत आपण श्रीमंत आहोत. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो रात्री एकच्या सुमारास उगवतो, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात अकराला, मेच्या मध्याला साडेनऊच्या आत. मार्चमध्ये पहाटेचं काम असतं, म्हणून अमावस्येपासून शुद्ध सप्तमीपर्यंतच्या रात्री घ्या. चंद्र मध्यरात्रीच्या आसपास मावळलेला असतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गाभा संध्याकाळी नैऋत्येला तीसेक अंशांवर असतो आणि साडेदहाच्या सुमारास बुडतो, तेव्हा वद्य षष्ठी ते अमावस्या. सरसकट अमावस्येचीच वाट बघणारे निम्म्या रात्री हकनाक घालवतात.

हवा सर्वांत स्वच्छ मिळते ती वळवाचा पाऊस पडून गेल्यावरच्या रात्री आणि परतीचा पाऊस संपल्यावर. गाळप हंगामात कारखान्याच्या वाऱ्याखाली उभं राहू नका. एप्रिल-मे कोरडा, दव नाही, पण रात्रीही सेन्सर तापलेला असतो. दर सहा-सात अंशांना उष्णतेचा रव दुप्पट होतो. त्यासाठी शेवटी झाकण लावून त्याच आयएसओला, तितक्याच वेळेच्या दहा-बारा डार्क फ्रेम तिथेच घ्या. घरी कूलरसमोर घेतलेल्या उपयोगाच्या नाहीत. नाथसागर, मांजरा अशा पाण्याकाठी नोव्हेंबर ते जानेवारी दव पडतं. लेन्सला यूएसबीवर चालणारा गरम पट्टा गुंडाळा, पुढच्या भिंगाच्या कडेजवळ, फोकसच्या कड्यावर नको.

जागा निवडताना नकाशात एकच गोष्ट बघा: गाभा पूर्वेपासून तीस अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो आणि दक्षिणेवरून जातो, तेव्हा जवळचं शहर तुमच्या पाठीशी, उत्तरेला हवं. संभाजीनगरची मंडळी उंचावर म्हणून म्हैसमाळला किंवा कन्नडकडे जातात आणि शहराचा सगळा उजेड नेमका आग्नेयेला, गाभ्याखाली घेतात. त्यापेक्षा पैठणच्या बाजूला दक्षिणेकडे उतरलेलं बरं. लातूरकरांनी निलंग्याकडे, नांदेडकरांनी कंधार-देगलूरकडे. तुम्ही आंबेजोगाईचे; लातूर तुमच्या आग्नेयेलाच येतं, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये गाभा पंचवीस अंश वर आल्यावरच सुरुवात करा किंवा ऑक्टोबरचं नैऋत्य आकाश घ्या. बीड-धाराशिवच्या पठारावर पवनचक्क्यांचे लाल दिवे लुकलुकतात. त्या चौकटीबाहेर ठेवा, दोन मिनिटांत प्रत्येकीचा लाल डाग पडतो. आणि गावचा हायमास्ट दिवसा दिसत नाही, रात्री अकराला डोळ्यांत घुसतो. जागा एकदा अंधारात बघून या.

देवगिरी, वेरूळ, अजिंठा इथे सूर्यास्तानंतर थांबता येत नाही, आणि ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. गौताळा किंवा येडशीच्या अभयारण्यात रात्री वनखात्याच्या परवानगीशिवाय नाही. शेतात जाणार असाल तर मालकाला आणि पोलीस पाटलाला दिवसाउजेडी सांगून ठेवा. मध्यरात्री माळावर लाल बॅटरी हलताना दिसली की गाव काठ्या घेऊन येतं, त्यात त्यांची चूक नाही. फुरसं आणि घोणस मुरमाड माळावर असतात, बूट घोट्याच्या वर हवेत, आणि जमिनीवर ठेवलेली कॅमेऱ्याची पिशवी चेन लावून ठेवा. विंचू आधी झटकायचा, मग पिशवी उचलायची.